मुलगा बायोबँकेला ‘नको’ म्हणाला, आता काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १२ वर्षांच्या मुलाला टाइप १ डायबिटीस आहे. नेहमीच्या तपासणीच्या वेळी थोडं जास्तीचं रक्त काढून बायोबँकेत, म्हणजे पुढच्या संशोधनासाठी नमुने साठवतात तिथे, ठेवू का, असं डॉक्टरांनी विचारलं. तुम्ही दोघांनी सह्या केल्या. मग मुलापुढे त्याचा वेगळा फॉर्म आला आणि तो ‘नको’ म्हणाला. डॉक्टरांसमोर तुम्हाला अवघडल्यासारखं झालं. एवढ्याशा पोराच्या नकाराला किती किंमत द्यायची, असं तुम्ही विचारताय.

पूर्ण किंमत द्या. एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीत, म्हणजे माणसांवरचं संशोधन नैतिक आहे का हे तपासणाऱ्या समितीत, मी बिगर-वैद्यकीय सदस्य आहे. असे फॉर्म वाचणं आणि त्यावर हरकती काढणं हेच आमचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तो उद्या इन्सुलिन नको म्हणाला तर तुम्ही ऐकणार नाही, ऐकूही नये. तिथे त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. बायोबँकेतल्या रक्ताचा त्याला स्वतःला बहुधा काहीच उपयोग होणार नाही. झाला तर पुढच्या मुलांना होईल. दुसऱ्यांच्या भल्यासाठी काही द्यायचं तर ते ज्याचं आहे त्याने राजीखुशीने द्यावं, मग त्याचं वय काहीही असो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आईवडिलांच्या संमतीबरोबर मुलाचीही अनुमती, म्हणजे त्याचा स्वतःचा होकार, मागितली आहे, ७ पासून १२ पूर्ण होईपर्यंत तोंडी आणि त्यापुढे १८पर्यंत लेखी. म्हणून तुमच्या मुलापुढे वेगळा कागद आला. वयाच्या या रेषा मला ढोबळ वाटतात. थॅलेसेमियासाठी लहानपणापासून रक्त चढवून घेणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीला रक्ताबद्दल जे कळतं, ते ठणठणीत दहावीच्या मुलाला कळत नाही. पण रेषाच नसती तर बऱ्याच ठिकाणी मुलांना कुणी विचारलंच नसतं.

आता तो नेमकं कशाला नको म्हणाला, ते घरी शांतपणे विचारा. पुष्कळदा कारण साधं असतं. आणखी एकदा टोचतील ही भीती, किंवा शाळेत कळेल ही काळजी. त्याच सुईतून रक्त घेणार असतील आणि नळीवर नावाऐवजी कोड असणार असेल, तर ते त्याला सांगायला हवं. आणि हे फॉर्ममध्ये किंवा डॉक्टरांकडून कळलं असेल तरच सांगा, अंदाजाने नको. हेही सांगा की रक्त फ्रीझरमध्ये वर्षानुवर्षं राहील, त्यातला डीएनए तपासला जाईल, आणि कोणकोणतं संशोधन होईल हे आज डॉक्टरांनाही पूर्ण माहीत नाही. एवढं ऐकूनही तो नको म्हणाला तर विषय तिथेच सोडा. ‘डॉक्टरकाका एवढं करतात तुझ्यासाठी’ हे वाक्य तर मुळीच नको. ज्या डॉक्टरांवर आपला जीव अवलंबून आहे त्यांना नाही म्हणणं मोठ्यांनाही जड जातं.

या संशोधनाची गरज मला कमी लेखायची नाही. मुलांचे आजार मोठ्यांच्या रक्तावरून उलगडत नाहीत, आणि नमुने नसतील तर तुमच्या मुलासारख्यांसाठी नवं काही सापडायला उशीर होईल. पण न विचारता गोळा केलेलं टिकत नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये नवजात बाळांच्या टाचेतून तपासणीसाठी घेतलेले रक्ताचे ठिपके पालकांना न विचारता साठवले होते. २००९मध्ये पालक कोर्टात गेले, आणि तडजोडीत ५० लाखांहून जास्त नमुने नष्ट करावे लागले. केवढं मोठं संशोधन त्यातून होऊ शकलं असतं!

उलट आपल्या पुण्याचं पाहा. तिथल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांपासून अभ्यास सुरू केला आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा ती मोठी होईपर्यंत केला. भारतीय बाळ वजनाने कमी असूनही त्याच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं, हे त्यातून जगाला कळलं. लहानपणी आईवडिलांची संमती आणि मुलांची अनुमती घेतली जायची. १८ पूर्ण झाल्यावर त्याच मुलांनी स्वतःच्या संमतीच्या सह्या केल्या. बायोबँकेत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. नमुना बालपणापेक्षा जास्त टिकतो. तुमची सही त्याच्या अठराव्या वाढदिवसापर्यंतच पुरावी, पुढचं त्याने ठरवावं. पत्ता आणि फोन बदलत जातात, त्यामुळे १८व्या वर्षी त्याला कोण शोधणार आणि नाहीच सापडला तर नमुन्याचं काय करणार, हे फॉर्ममध्ये लिहिलेलं हवं. आमच्याकडे आलेल्या फॉर्ममध्ये हे कलम नसेल तर मी फॉर्म परत पाठवा म्हणून आग्रह धरतो.

पुढे कधी त्याचं मन बदललं तर ठीकच. मात्र रक्त देण्याआधी फॉर्ममधलं माघारीचं, म्हणजे दिलेला नमुना मागे घेण्याबद्दलचं, कलम वाचा. कोड त्याच्या नावाशी जोडलेला असेल तोवर नमुना नष्ट करता येतो. ती जोडणी कायमची पुसली असेल तर त्याचा नमुना कुठला हे कुणालाच सांगता येत नाही, आणि आधीच वापरून झालेली माहिती परत येत नाही. मोठेपणी होणाऱ्या एखाद्या आजाराचं जनुक सापडलं तर कुणाला, कधी कळवणार, हेही विचारा. पंचेचाळिशीत होऊ शकणाऱ्या आजाराची बातमी तेराव्या वर्षी त्याच्या माथी मारू नये, असं माझं ठाम मत आहे.

सध्या एवढंच करा. संशोधनाच्या को-ऑर्डिनेटरला सांगा की मुलाने अनुमती दिलेली नाही, तेव्हा आमची संमतीही रद्द समजा, आणि तशी लेखी नोंद मागा. त्याच्या उपचारांत यामुळे काहीही बदलता कामा नये. कुणी दबाव आणला, तर माहितीपत्रकावर एथिक्स कमिटीच्या सदस्य-सचिवांचा नंबर असतो, तिथे सरळ फोन करा. हे बोलणं शक्य झालं तर मुलासमोरच करा. आपल्या नकारावर आईबाबा त्याच्या बाजूने उभे राहिले, हे त्याला ऐकू द्या.