शेजाऱ्याने नवीन पत्रा घातल्यापासून आमचं कौलारू छप्पर गळतंय, भिंत ओली झालीये, तो म्हणतो तुमची कौलंच जुनी आहेत. भरपाई मागता येईल का?

"तुमची कौलंच जुनी आहेत" हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. हे वाक्य मी दोन पावसाळे ऐकलंय. शेजाऱ्याकडून ऐकलं, त्याच्या फॅब्रिकेटरकडून ऐकलं, आणि जिव्हारी लागलं ते सख्ख्या थोरल्या भावाकडून ऐकलं तेव्हा.

आमचं घर दापोली तालुक्यात. जांभ्याचं, मातीत बांधलेलं, आजोबांच्याही आधीचं. शेजारचं घर मूळचं आमच्या चुलत्यांचं, मधली भिंत सामाईक, पुढे त्यांनी ते विकलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यात आमची निम्मी कौलं गेली आणि त्यांची जवळजवळ सगळी. आम्ही पडक्या घरांची जुनी कौलं शोधून आणून घर शाकारलं, त्यांनी पत्रा घातला. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, त्या दिवसांत कौलं मिळत नव्हती, माणसं मिळत नव्हती आणि पाऊस तर डोक्यावर आलेला.

पण आधी त्यांचं छप्पर दुपाखी होतं, पाणी पुढे अंगणात आणि मागे परसात पडायचं. फॅब्रिकेटरने काम लवकर उरकायला एकपाखी पत्रा केला आणि उतार दिला आमच्या भिंतीकडे! भिंतीच्या माथ्यावर चार इंची पन्हळ, तिला एकच दोन इंची पाईप, तो मागच्या टोकाला, आणि पन्हळीचा ढाळ मात्र पुढच्या टोकाला. पन्हळ आणि भिंत यांच्या सांध्यावर पट्टी नाही, नुसतं सिलिकॉन फासलेलं. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचे सोडून खोलगट भागात, जिथून पाणी वाहतं तिथेच मारलेले. शिवाय ती माणसं आमच्या कौलांवरून ये-जा करायची, पाऊस उघडल्यावर मी वर चढून मोजली तर २२ कौलं फुटलेली.

आता हिशोब बघा. त्यांचा पत्रा साधारण ४०० चौरस फूट, म्हणजे ३७ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमच्याकडे जुलैत दिवसाला १०० मिलीमीटर पाऊस म्हणजे काही विशेष नाही, म्हणजे एका दिवसात ३७०० लिटर पाणी त्या चिंचोळ्या पन्हळीत, आणि त्यात पानं अडकली की सगळं आमच्या भिंतीवर आणि कौलांवर.

पहिल्या पावसाळ्यात मी फुटलेली कौलं बदलली आणि गप्प बसलो, ही माझी चूक. दुसऱ्या पावसाळ्यात माजघराची भिंत खालपर्यंत ओली, दरजांतली माती सुटून चिखल गळायला लागला, आणि भिंतीत टेकलेल्या दोन वाशांची टोकं इतकी कुजली की बोटाने भुसा निघत होता, मागोमाग वाळवी. ते ऐनाच्या लाकडाचे वासे होते, माझ्या वडिलांच्या वेळेपासून एकदाही बदलायला लागले नव्हते. आई त्या खोलीत झोपायची, तिची खाट पडवीत आणावी लागली. शेजाऱ्याला सांगायला गेलो तर तेच, तुमची कौलं जुनी.

तेव्हा ऑक्टोबरात पाऊस थांबून सगळं कोरडं झाल्यावर मी एक केलं, तुम्हीही हेच करा. विहिरीच्या पंपाला नळी जोडली आणि आधी आमच्याच कौलांवर, भिंतीपासून लांब, अर्धा तास पाणी सोडलं. आत एक थेंब नाही. मग नळी भिंतीजवळच्या कौलांवर धरली, तरी काही नाही. मग शेजाऱ्याच्या आईला विचारून त्यांच्या पत्र्यावर पाणी सोडलं. दहा मिनिटांत माजघरात धार लागली. ती म्हातारी स्वतः आमच्या माजघरात येऊन उभी राहिली, भिंतीला हात लावला आणि म्हणाली, "आमचंच पाणी हा." मुलगा त्यानंतर कौलांचं नाव काढायचा बंद झाला. दोन वर्षं बोलून जे झालं नव्हतं ते एका नळीने झालं.

माझा भाऊ डोंबिवलीला असतो. त्याचं म्हणणं, सगळं गाव पत्रे घालतंय, तूही घाल, शेजाऱ्याशी वाकडं कशाला. दादा हे वाचणार आहे म्हणून इथेच लिहितो. आपल्या कौलांवर अजून बासेल मिशनचा शिक्का आहे, १८६५ ला मंगळूरला निघालेल्या कारखान्याचा माल, त्यांनी किती पावसाळे काढले ते मोजता येणार नाही. कौल फुटलं तर तेवढं एक काढून दुसरं सरकवता येतं. दरवर्षी मे महिन्यात छप्पर नीट चाळलं, म्हणजे कौलं काढून पुन्हा लावली, तर जुनं कौल गळत नाही, गळतो तो दोन घरांमधला सांधा. मी पत्रा घातला असता तरी त्यांचं पाणी त्याच भिंतीत मुरलं असतं आणि वासे तसेच कुजले असते. आणि वाकडं मी घेतलं नाही, उतार आपल्याकडे काढणाऱ्याने घेतलं.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर, हो, मागता येते. आपल्या छपराचं पाणी दुसऱ्याच्या जागेत सोडायचा हक्क आपोआप मिळत नाही, १८८२ च्या इझमेंट ॲक्टप्रमाणे (दुसऱ्याच्या जागेवरच्या वापरहक्कांचा कायदा) तो वहिवाटीने मिळवायचा तर सलग २० वर्षं उघडपणे, विनाअडथळा वापर लागतो, आणि तुमच्या शेजाऱ्याचा पत्रा तर नवाच आहे. आधी साध्या कागदावर तारीख घालून पत्र द्या आणि पोच घ्या, नसेल घेत तर पोच मिळेल अशा टपालाने पाठवा. फोटो, व्हिडिओ, सुताराचं लेखी एस्टिमेट, सगळं जपून ठेवा. ऐकलंच नाही तर दिवाणी कोर्टात मनाईचा दावा लावता येतो आणि जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर मागता येतो. ग्रामपंचायतीत अर्ज जरूर द्या, तारखेचा पुरावा म्हणून उपयोग होतो, मला त्यापलीकडे काही मिळालं नाही.

मी कोर्टात गेलो नाही. वकिलाची एक नोटीस गेली आणि म्हातारीने जोर लावला, त्यावर त्यांनी फूटभर रुंदीची पन्हळ घातली, ढाळ मागे काढला, पाईप दोन केले, आणि भिंतीत खाच मारून पत्र्याची पट्टी आत बसवून वर सिमेंट केलं. तेव्हापासून भिंत कोरडी आहे. वाशांचे पैसे निम्मे मिळाले, उरलेले मीच घातले. ते पुरेसे नव्हते आणि आजही मला ते खटकतं.

मी वकील नाही, तेव्हा दाव्याचं तालुक्याच्या वकिलाला विचारूनच ठरवा, आणि भरपाईच्या दाव्याला मुदत असते म्हणून माझ्यासारखा एक पावसाळा फुकट घालवू नका. नळी लावायच्या आधी स्वतःची फुटलेली कौलं बदलून घ्या, नाहीतर शेजारी त्याच्यावरच बोट ठेवेल. आणि जिथे गळतंय त्या खोलीची वीज बंद करा, आमच्याकडे पाणी भिंतीतून थेट बोर्डात उतरलं होतं.