आधी रॅपलिंग, मग हरिहर

उंचीची भीती घालवण्यासाठी मित्रांबरोबर थेट नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर गडावर जावे, की आधी एकदा रॅपलिंग (दोराच्या आधाराने कड्यावरून खाली उतरणे) करून पाहावे, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: आधी रॅपलिंग करा. १८१८ मध्ये हरिहर पाहणाऱ्या ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांनी गडाच्या कातळात कोरलेल्या उभ्या जिन्याची तुलना २०० फूट उंच भिंतीला लावलेल्या शिडीशी केली होती. तिथे पाय गळून गेले, तर आधाराला दोर नसतो आणि मागून चढणाऱ्यांमुळे परतही फिरता येत नाही. रॅपलिंगमध्ये मात्र उतरण्याच्या दोराखेरीज बिलेचा, म्हणजे घसरल्यास धरून ठेवणारा, दुसरा दोर कमरेच्या पट्ट्याला (हार्नेसला) जोडलेला असतो आणि तो वरच्या अनुभवी माणसाच्या ताब्यात असतो.

माझे पहिले रॅपलिंग खंडाळ्याजवळच्या नागफणीच्या कड्यावर झाले. कड्यावरून पहिले पाऊल मागे टाकताच मी घाबरून कातळाला बिलगलो आणि त्याच क्षणी दोन्ही बूट निसटून गुडघा खरवडला गेला. वरून आवाज आला, "कातळ सोड, दोरावर बस!" अंग मागे झोकून पाय खांद्याइतके फाकवल्यावर भार तळव्यांतून थेट कातळावर पडू लागला आणि पाय घट्ट बसले. भीती शरीराला नेमके उलटे करायला लावते, हे मला तिथे गुडघ्याच्या जखमेसह कळले, आणि हे कळण्यासाठी दुसरा दोर बांधलेला असण्यासारखी सुरक्षित जागा नाही. म्हणून पैसे भरण्याआधीच बिलेचा दोर स्वतंत्र आहे का आणि हेल्मेट मिळेल का, हे विचारून घ्या, आणि आपल्याला उंचीची भीती वाटते हे प्रशिक्षकाला न संकोचता सांगा.

त्यानंतर हरिहरला जरूर जा, मात्र पहिल्या वेळी पावसाळा आणि शनिवार-रविवार टाळून, डिसेंबरातल्या एखाद्या कोरड्या दिवशी पायथ्याच्या निरगुडपाड्याहून चढा. पायऱ्यांच्या दोन्ही कडांना हात घालण्यासाठी खोबण्या कोरलेल्या आहेत. असंख्य हातांनी त्यांच्या कडा इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की बोटे आतपर्यंत घातल्याखेरीज पकड येत नाही. खरी कसोटी उतरताना लागते, कारण तेव्हा दरी समोर येते. उतरताना तोंड कातळाकडे ठेवा, एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवा, आणि खालची पायरी तळव्याला लागल्याशिवाय वरची खोबण सोडू नका.