‘काही नाही’ म्हणायची घाई

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. विमानतळावर बॅगांची एक्स-रे चित्रं तपासणाऱ्या स्क्रीनरची परीक्षा पास झालीस, छान झालं. नारंगी म्हणजे सेंद्रिय, निळा म्हणजे धातू, हे तुला आता झोपेतही सांगता येईल. चाकू आडवा पडलेला असेल तर कुणीही ओळखेल. टोकाकडून दिसला की त्याची नुसती रेघ होते, तेही शिकली असशीलच.

पण धोक्याच्या वस्तू नजरेतून सुटतात त्याचं मोठं कारण त्या क्वचित येतात, हे आहे. मानसशास्त्रज्ञ जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग छापला. गिचमीड चित्रांत ठरलेली वस्तू शोधायची. निम्म्या चित्रांत ती असताना लोकांकडून 7 टक्के वेळा सुटली. शंभरात एकदाच असताना 30 टक्के वेळा. तुझ्या बेल्टवर तर शंभरात एकही नसेल. रोज ‘काही नाही’ म्हणून म्हणून मन ते आधीच म्हणून टाकतं.

अमेरिकेत 2015 मध्ये गुप्त चाचण्यांत 70 पैकी 67 वेळा बनावट शस्त्रं, स्फोटकं विमानतळांच्या तपासणी नाक्यांवरून पार गेल्याची बातमी गाजली. त्यावरून लगेच हताश होऊ नकोस. चाचणी घेणाऱ्यांना यंत्रणेच्या फटी माहीत असतात. आणि त्याच वर्षी तिथल्या केबिन बॅगांत 2,653 बंदुका पकडल्याही गेल्या. सुटल्या किती, ते मात्र मोजायची सोय नाही.

म्हणून तर मशीन मधूनच खऱ्या बॅगेवर खोट्या बंदुकीचं चित्र टाकतं. यालाच ‘टिप’ (थ्रेट इमेज प्रोजेक्शन) म्हणतात. त्याला वैतागणारे पुष्कळ भेटतील (काहींना तर तीच ती चित्रं पाठ असतात!). तू वैतागू नकोस. आपण काय सोडलं, ते तिथेच कळतं.

दुसरं, पाण्याची बाटली सापडली की नजर सैलावते. उरलेली बॅग तेव्हाच नीट बघ. युरोपात सलग वीस मिनिटं चित्रं पाहिल्यावर किमान दहा मिनिटं मॉनिटरपासून दूर राहायचा नियम आहे. सुट्ट्यांच्या गर्दीतही बदली मागायला लाजू नकोस. लॅपटॉपखाली काही काळं, गच्च दिसलं तर तो बाहेर काढायला लाव, बॅग फिरवून पुन्हा घाल. मागची रांग कुरकुरेल. कुरकुरू दे.

पहिल्या महिन्याचे टिपचे मार्क कळव. कोणत्या वस्तू सुटल्या आणि कुठल्या कोनातून, तेही लिही.

तुझा,
काका