जुना कॉम्प्युटर, नवीन लिनक्स: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून आमच्याकडं एकाच जातीचे प्रश्न जास्त यायला लागलेत, जुनं मशीन टाकायचं का ठेवायचं, आणि ठेवायचं तर त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट सिस्टिम, चालेल का. त्यातले काही या वेळी घेतलेत.

प्रश्न (निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी): माझा लॅपटॉप आठ-नऊ वर्षं जुना आहे, आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम. चालू व्हायला इतका वेळ लागतो की तोवर माझा चहा होतो. दुकानदार म्हणाले यावर विंडोज ११ बसत नाही, नवीनच घ्या. नातू म्हणतोय आजी लिनक्स टाकूया. मला मेल, यूट्यूब, बँकेचा बॅलन्स बघणं आणि मराठीत थोडं लिखाण एवढंच लागतं. या वयात जमेल का मला?

उत्तर: बाई, जमेल, आणि नातवाचं बरोबर आहे. दुकानदारांचं पण खोटं नाही, विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, तुमचा लॅपटॉप बहुतेक त्याच्या आधीचा असणार. पण विंडोज ११ बसत नाही म्हणजे मशीन निकामी झालं असं नाही हो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणजे लॅपटॉप चालतोय तसा चालत राहील, फक्त नवीन भोक सापडलं की ते बुजवणारे नेहमीचे अपडेट आता येत नाहीत, आणि तुम्ही त्यावर बँक उघडता, म्हणून हे काम पुढं ढकलू नका.

तुमच्यासाठी लिनक्स मिंट. २००६ पासून आहे, उबुंटू नावाच्या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेलं आहे, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडं घड्याळ आणि वायफाय, त्यामुळं विंडोजवर हात बसलेल्या माणसाला शोधाशोध करायला लागत नाही. त्याच्या सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई अशा तीन आवृत्त्या मिळतात. ४ जीबीवर सिनॅमन पण चालतं, तरी तुम्ही एक्सएफसीई घ्या, दिसायला जरा साधं आहे पण हलकं आहे आणि वाचलेली रॅम ब्राउझरला मिळते, कारण रॅम खरी खातो तो ब्राउझरच, दहा-बारा टॅब उघडून ठेवल्या की ४ जीबीवर कुठलीही सिस्टिम दमणार.

आता महत्त्वाचं. लगेच इन्स्टॉल करायचं नाही, आधी पेनड्राइव्हवरनं चालवून बघायचं. नातवाला सांगा, मिंटच्या साइटवरनं आयएसओ फाइल (तिच्यात अख्खं मिंट असतं) उतरवायची, जवळपास ३ जीबीची असते, आणि रुफस नाहीतर एचर हा प्रोग्रॅम वापरून ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला देऊ नका त्याला. मग लॅपटॉप चालू करताना बूट मेनूचं (लॅपटॉप कशावरनं चालू करायचा ते निवडायची यादी) बटण दाबायचं, डेल आणि लेनोवोला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, आणि पेनड्राइव्ह निवडायचा. थोड्या वेळात मिंटचा डेस्कटॉप समोर येतो, तुमची हार्ड डिस्क तशीच्या तशी असते, डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या चिन्हाला हात लावला नाही तर काही बदलत नाही. पेनड्राइव्हवरनं चालतंय म्हणून थोडं संथ वाटेल, वेगाबद्दल तिथं मत बनवू नका. तिथं बघायचं ते हे: वायफाय लागतं का, यूट्यूबचा आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, प्रिंटर असेल तर एक पान निघतं का, आणि झाकण मिटून परत उघडलं की लॅपटॉप नीट जागा होतो का. हे शेवटचं कोणी बघत नाही आणि नंतर रोज त्याचाच ताप होतो. वायफाय दिसलंच नाही तर घाबरू नका, ब्रॉडकॉम कंपनीच्या काही वायफाय चिप्सना ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा छोटा प्रोग्रॅम, वेगळा लागतो, मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) सुरू करायचं आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडायचा, बऱ्याचदा तिथंच काम होतं.

मराठीचं सांगतो, कारण ते तुम्हाला रोज लागणार. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडताना मराठी इनस्क्रिप्ट पण मिळतं आणि फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरनं टाइप करायचं) पण. फोनेटिक पहिल्या दिवशी सोपं वाटतं, पण बाई, लिखाण करणार असाल तर इनस्क्रिप्टच शिका. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, अशी मांडणी आहे. कोल्हापूर लिहायचं तर के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे अशी बटणं ओळीनं दाबायची, त्यातलं डी म्हणजे पाय मोडायचं. बाराखडी शिकवलेल्या माणसाला ही रचना लवकर कळते, दोन-तीन आठवडे रोज एक पान लिहा, नजर कीबोर्डवरनं उठेल. लिहायला लिबरऑफिस आधीच टाकलेलं असतं, वर्डच्या साध्या फाइली त्यात उघडतात.

आणि एक खर्च मात्र करा. एवढ्या जुन्या लॅपटॉपात फिरणारी हार्ड डिस्क असणार, नुसतं लिनक्स टाकून तिचा संथपणा जात नाही. एखाद्या रिपेअरवाल्याकडनं साधी २.५ इंची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून घ्या, मिंट तिच्यावर टाका, आणि काढलेली जुनी डिस्क विंडोजसकट कपाटात ठेवून द्या. फाइली पण राहतील आणि पटलं नाही तर परत तीच बसवता येईल.

प्रश्न (वर्कशॉप मालक, उद्यमनगर): ऑफिसात सात-आठ पीसी आहेत. ऑटोकॅड, टॅली, जीएसटी, बिलं, गेटवर आवक-जावक. सगळंच लिनक्सवर नेलं तर पैसे वाचतील ना?

उत्तर: सगळं नेऊ नका भाऊ. ऑटोकॅड लिनक्ससाठी येत नाही, टॅली पण विंडोजवरच चालतं. वाइन नावाचा, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा प्रोग्रॅम वापरून काहीजण चालवतात, पण मार्च अखेरीला टॅली उघडलं नाही तर तुम्ही कुणाच्या दारात जाणार? ड्रॉइंगचा पीसी, हिशोबाचा पीसी आणि डिजिटल सहीचा डोंगल लागतो तो पीसी, हे विंडोजवरच ठेवा आणि विंडोज ११ चा जो काही खर्च करायचा तो यांच्यावर करा. गेटवरचा, स्टोअरचा, मेल आणि कोटेशनचा, ज्याच्यावर ब्राउझर आणि एक्सेलसारखी शीट एवढंच लागतं, ते मिंटवर न्या. एक्सेलमध्ये मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या आज्ञा) लिहिलेले असतील तर ती फाइल आधी लिबरऑफिसमध्ये उघडून बघा, साधी सूत्रं चालतात पण मॅक्रो बऱ्याचदा अडकतात. गेटवरच्या पीसीचा एक फायदा तुम्हाला लगेच दिसेल, ड्रायव्हर-सप्लायर लोकांचे पेनड्राइव्ह लागून विंडोजचे व्हायरस येतात ते तिथं चालत नाहीत. पण तोच पेनड्राइव्ह पुढं विंडोजच्या पीसीला लावला तर व्हायरस तिथं जाणारच, ते लक्षात ठेवा.

प्रश्न (डीटीपी करणारे, मंगळवार पेठ): पत्रिका आणि हँडबिलांचं काम आहे, कोरलड्रॉ आणि श्री-लिपी वापरतो. लिनक्सवर जमेल का?

उत्तर: तुम्ही विंडोज सोडू नका. श्री-लिपीच्या जुन्या फाँटात केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं सारख्या चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत, नसतो, दुसरीकडं उघडला की अगम्य अक्षरं दिसतात. नवीन काम तरी युनिकोडमध्ये करायला लागा, मुक्तासारखे चांगले फाँट फुकट आहेत आणि ते दोन्हीकडं सारखे चालतात.

प्रश्न (शिक्षक, कसबा बावडा): शाळेच्या लॅबमधले पीसी फार जुने, २ जीबी रॅम, विंडोज ७. बदलायला निधी नाही. मुलं नुसती स्क्रीनकडं बघत बसतात.

उत्तर: सर, हा प्रश्न वाचून वाईट वाटलं, कारण ही मशीनं बहुतेक वाचतील. आधी प्रत्येक पीसीचा प्रोसेसर ३२ बिटचा (जुना प्रकार) आहे का ६४ बिटचा (नवा) ते बघा. विंडोज ३२ बिटचं आहे म्हणून प्रोसेसर ३२ बिटचाच असतो असं नाही, कमी रॅम म्हणून तेव्हा ६४ बिटच्या प्रोसेसरवर पण सर्रास ३२ बिटचं विंडोज टाकायचे. सिस्टिमच्या माहितीत मॉडेलचं नाव असतं, ते नेटवर टाकून ६४ बिट आहे का बघायचं, कोर टू ड्युओ असेल तर ६४ बिटच आहे. मिंट २० पासून ३२ बिटसाठी येत नाही आणि ब्राउझरवाले पण ३२ बिट सोडायला लागलेत, त्यामुळं खरंच ३२ बिटची असतील त्यांच्यामागं वेळ घालवू नका. त्यांची रॅम दुसऱ्याला बसत असेल तर काढून तिकडं लावा. मिंटला कमीत कमी २ जीबी लागते, आरामात चालायला ४, आणि चारातल्या एका पीसीचा बळी देऊन तीन नीट चालले तर मी ते करेन. लहान मुलांना जीकॉम्प्रिस आणि टक्स पेंट, मोठ्यांना जिओजेब्रा आणि स्क्रॅच. केरळातल्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकवतायत, तेव्हा मुलांचं नुकसान होईल ही भीती पालक-सभेत कुणी काढली तर हे उदाहरण द्या.

प्रश्न (विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ): विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकलं. आता विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागं! बॅटरी गेली का?

उत्तर: बॅटरी ठीक आहे रे. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं, आपली वेळ साडेपाच तास पुढं म्हणून फरक बरोबर तेवढाच. मिंटच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) timedatectl set-local-rtc 1 अशी एक ओळ द्यायची, मिंट पण स्थानिक वेळ लिहायला लागतं. मग विंडोजमध्ये वेळ एकदा सिंक करून घे. आणि अजून केलं नसशील तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद कर, नाहीतर विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा त्याचा भाग) मिंटमध्ये नुसतं वाचायला उघडेल. मित्रांना करून देणार असशील तर आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का बघायचं आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यायची, त्याशिवाय पार्टिशनला हात लावायचा नाही.

प्रश्न (किराणा व्यापारी, गडहिंग्लज): फुकट देतात म्हणजे काहीतरी गोम असणारच की.

उत्तर: शंका रास्त आहे. लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं सुरू केला आणि तो उघड आहे, कुणीही वाचू शकतो, तुमच्या अँड्रॉइड फोनच्या आत पण तोच आहे. मिंट देणग्या आणि स्पॉन्सरवर चालतं. धोका असतो तो फाइल कुठनं घेतली यात. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटची साइटच हॅक झाली होती आणि १७.३ सिनॅमनच्या जागी मागचं दार (हॅकरला आत शिरायची चोरवाट) ठेवलेली आयएसओ लोकांच्या हातात गेली, मिंटवाल्यांनी ते लगेच जाहीर केलं. म्हणून कुणाच्या टेलिग्रामवरनं किंवा दुकानातल्या तयार पेनड्राइव्हवरनं घेऊ नका. मूळ साइटवर प्रत्येक आयएसओसोबत एसएचए२५६ नावाचा लांबलचक आकडा दिलेला असतो, विंडोजमधल्या सर्टयुटिल कमांडनं आपल्या फाइलचा तोच आकडा काढता येतो. दोन्ही जुळले तरच पेनड्राइव्ह बनवा, नाही जुळले तर फाइल पुसा आणि परत उतरवा.