बेळगावकडच्या खानापूरच्या मातीवर, स्वतः भांडी घडवून पीएचडी करायची म्हणतोस, तर

आधी एक विचारून घे: तुझी भांडी परीक्षक प्रबंधाचा भाग म्हणून तपासणार, की परिशिष्टातल्या फोटोंवर भागवणार? हे विद्यापीठाकडून लेखी घे, गाईडच्या तोंडी शब्दावर जाऊ नको. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२२ च्या नियमांत पीएचडीला किमान ३, कमाल ६ वर्षं. कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचे वर्ग-परीक्षा, त्यातच आलं.

खरं काम वहीत. कुठल्या शेतातली माती, वाळू किती, भट्टी कशी तापली, तडा कुठून गेला, त्याच दिवशी लिही. तडकलेलं मडकं फेकू नको, पुरावा तोच. नुसती देखणी भांडी म्हणजे संशोधन नव्हे (प्रदर्शनाला चालतील), प्रश्न हवा.

आणि कुंभारांची मुलाखत कन्नडमध्ये झाली तर कन्नडमध्येच उतरव, मराठी नंतर. फोटोआधी परवानगी माग.