मुलीशी अबोला का धरलात?

(लांजा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र: "मुलगी कला शाखेतून बारावी, ७४ टक्के. पत्रकार व्हायचं म्हणते. आमच्याकडचा पेपर पानं कमी करत चाललाय, तालुक्याचं ऑफिस बंद झालं. मोबाइलवर सगळं कळतं, आता बातमीदार हवेत कोणाला? पुण्यात एमपीएससीच्या क्लासला घालतो म्हटलं तर ऐकत नाही. मी बोलणंच सोडलंय. एकुलती आहे, जवळ राहावी एवढंच.")

टक्क्यांची काळजी नको. मला त्या अबोल्याची वाटते. लेक जवळ हवी म्हणून तिला पुण्याच्या अभ्यासिकेत धाडायचं? परीक्षा निघाली तरी पहिली नेमणूक गडचिरोलीला होऊ शकते. नाही निघाली तर चार-पाच वर्षं तिकडेच जातात. जवळ राहून करायचं काम तीच मागतेय आणि रुसून बसलाय तुम्ही. आज जेवताना आधी तुम्ही बोला. करिअर सोडून कशावरही.

आता मोबाइलचं. घाटातला अपघात कळतो, पुढाऱ्याचा वाढदिवस कळतो. पण २०१३च्या भूसंपादन कायद्यात कलम ११ची प्राथमिक अधिसूचना, म्हणजे अमुक जमीन घेणार ही जाहीर नोटीस, दोन दैनिकांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. हरकतीला मुदत ६० दिवस. बारीक टाइपात नुसते गट नंबर. सातबारावर अकरा नावं, त्यातले आठ जण मुंबईत. हा गट कोणत्या वाडीचा, हे ओळखून सोप्या भाषेत लिहिणारा तो तालुक्याचा वार्ताहर. तो नसला तरी नोटीस छापून येतेच, कागदोपत्री सगळं रीतसर होतं. वाडीला कळतं मोजणीवाले आल्यावर.

तरीही तालुका वार्ताहराची आजची नोकरी तिने धरू नये, हे स्पष्ट सांगतो. बऱ्याच ठिकाणी किरकोळ मानधन आणि जाहिरातीवर कमिशन एवढंच असतं. गणपती, दिवाळी, वर्धापनदिन, प्रत्येक पुरवणीला टार्गेट. जाहिरात उधारीवर, आणि बिल थकलं की वसुली वार्ताहराच्याच गळ्यात. ज्या ठेकेदाराकडे पैसे अडकलेत, त्याने बांधलेला साकव, ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून गेल्याची बातमी मग लिहायची कोणी? कुणी बोलावलंच तर नियुक्तिपत्र आणि ठरलेलं मानधन मागा. टार्गेट असेल तर नको म्हणा.

तिने बी.ए. करून तीन वर्षांचं लॉ करावं. लॉ कॉलेज रत्नागिरीत आहे. पत्रकारितेची पदविका त्यानंतर. सातबारा, फेरफार, नोटीस वाचता येणाऱ्याला इथे वकिलीचं काम मिळतं, आणि जाहिरातदाराच्या तोंडाकडे न बघता लिहिताही येतं.

सुरुवात या सुट्टीत करा. महिनाभर पेपरातल्या जाहीर नोटिसा कापून ठेवायच्या, त्यातले गट नंबर ऑनलाइन सातबारावर शोधायचे. मग माहिती अधिकाराचा एक अर्ज: गावच्या नळपाणी योजनेचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) प्रती. विषय एकच, १५० शब्दांच्या आत. "काम असं का झालं?" असं विचारलं की अर्ज बहुतेकदा फेटाळला जातो, कागदाचं नाव आणि कालावधी लिहायचा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अपिलाला २०चा. स्टॅम्प आणायला तुम्ही जा.