वाचकांचे प्रश्न: फुगे नसलेली चित्रकथा

प्रश्न: मुलाकडे रॉटरडॅमला गेलो असताना त्याच्या शेजाऱ्यांनी मार्टेन टोन्डर या चित्रकाराचे एक जुने पुस्तक दाखवले. त्यात पांढरे मांजर आणि चौकडीचा कोट घातलेले अस्वल होते, पण पात्रांच्या तोंडाशी संवादाचे फुगे नव्हते. चित्रांखाली भरगच्च मजकूर होता. अशी रचना का केली असावी, आणि टोन्डर यांना व्यंगचित्रकार म्हणावे की लेखक?
– एक वाचक, सातारा

उत्तर: टोन्डर यांचा जन्म 1912 साली रॉटरडॅममध्येच झाला. वडील जहाजाचे कप्तान होते. 1931 मध्ये वडिलांबरोबर ब्युनोस आयर्सला गेलेल्या या तरुणाने तिथे चित्रकथेचा धंदा जवळून पाहिला आणि आपणही हेच करायचे असे ठरवून तो परतला.

आपण पाहिलेले मांजर म्हणजे टॉम पूस. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात असताना अमेरिकी चित्रकथा मिळेनाशा झाल्या, आणि ‘टेलेग्राफ’ या दैनिकातील ती रिकामी जागा 16 मार्च 1941 पासून टॉम पूसने भरली. हे नाव टोन्डर यांच्या पत्नी फिनी डिक यांना सुचले. त्याही लेखिका व चित्रकार होत्या, आणि ‘टॉम्पूस’ हा तिकडचा क्रीम भरलेला, गुलाबी साखरेचा थर दिलेला गोड पदार्थ आहे. त्याच वर्षी तिसऱ्या कथेत बॉमेल नावाचे अस्वल अवतरले. घराण्याची प्रतिष्ठा सतत मिरवणारे, घाबरट, पण मनाने चांगले असलेले हे अस्वल मुख्य नायकालाच मागे सारून बसले. 1944 च्या अखेरीस दैनिकाची सूत्रे एका नाझी माणसाकडे गेली, तेव्हा टोन्डर यांनी मालिका काही काळ थांबवली. त्यांच्या स्टुडिओचा उपयोग प्रतिकार चळवळीच्या गुप्त छपाईसाठीही झाला.

आता फुग्यांचा मुद्दा. चित्रांखाली सलग मजकूर देण्याची पद्धत त्या देशात आधीपासून रूढ होती, कारण फुग्यांच्या चित्रकथा मुलांचे वाचन बिघडवतात असे शिक्षक आणि पालक यांना वाटे. 1948 मध्ये तर खुद्द शिक्षणमंत्र्यांनी चित्रकथांविरुद्ध इशारा दिला होता. ही भीती आज हास्यास्पद वाटते, पण टोन्डर यांच्या बाबतीत ती उपकारकच ठरली असे आम्हांला वाटते. रोज तीन चित्रांखाली मजकूर लिहायचा म्हटल्यावर भाषेला वाव मिळाला, आणि कथा हळूहळू लहान मुलांच्या हातून निसटून मोठ्यांच्या झाल्या. नोकरशाही, पैसेवाले, विद्वत्तेचा आव आणणारे प्राध्यापक या सगळ्यांची त्यांत टिंगल आहे. टोन्डर यांनी घडवलेले काही शब्द डच शब्दकोशात गेले. ‘डेन्क्राम’ म्हणजे माणसाच्या विचारांची चौकट आणि ‘मिन्कूकेल’ म्हणजे अल्पबुद्धीचा माणूस, ही त्यांपैकी दोन उदाहरणे.

त्यांच्या स्टुडिओत हान्स क्रेसे, डिक मातेना यांसारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार काम करीत. ‘पांडा’, ‘कापी’ अशा इतर मालिका तिथूनच निघत आणि जाहिरातपटही बनत. बॉमेलच्या रेखाटनाचा बराच भाग पुढे सहकारी करू लागले. शब्द मात्र मुख्यतः टोन्डर यांचेच राहिले, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच गोष्टीत आहे. 1967 पासून एका प्रतिष्ठित साहित्यिक प्रकाशनसंस्थेने या कथा पुस्तकरूपात काढायला सुरुवात केली, आणि चित्रकथेकडे नाक मुरडणारे समीक्षकही त्या वाचू लागले. तेव्हा त्यांना चित्रकार म्हणा, पण लेखक म्हणायलाही संकोच करू नका.

1965 मध्ये ते आयर्लंडला राहायला गेले आणि तिथूनच मालिका चालवत राहिले. 177 कथांनंतर, 20 जानेवारी 1986 रोजी शेवटचा भाग छापून आला. त्या अखेरच्या कथेत बॉमेलचे शेजारीण डॉडेल हिच्याशी लग्न लागते. टोन्डर यांचे 2005 मध्ये निधन झाले.